डिप्रेस्ड म्हणजे दाबलेला. पण कोणी दाबलेला?

इंग्रजीतलं एक विशेषण आज आपल्या पोरांच्या तोंडी रुळलंय. पिंपळनेरच्या स्टँडवर, चहाच्या टपरीवर, कॉलेजच्या गेटवर कानावर येतं, "यार, डिप्रेस झालोय." नोकरी नाही, डिप्रेस. पोरगी बोलत नाही, डिप्रेस. ज्याला त्याला वाटतं, हा मोबाईलच्या जमान्याचा शब्द, मनाचा शब्द, डॉक्टरचा शब्द.

दोस्तांनो, हा शब्द आपल्या आजा-पणज्याच्या कपाळावर मारलेला शिक्का होता. सरकारी कागदावर आपल्या अख्ख्या समाजाचं नाव होतं ते : 'डिप्रेस्ड क्लासेस'. खेडोपाडीच्या महार-मांग-चांभाराला ठाऊकही नव्हतं की लंडनमध्ये आपल्याला या नावानं ओळखतात. नाव आपलं, पण ते आपल्याला विचारून ठेवलेलं नव्हतं.

त्या विशेषणाची ही हकीकत आहे. मी काही प्रोफेसर नाही. धुळ्याकडच्या एका जिनिंग-प्रेसिंग मिलमध्ये हंगामाला काम करतो, बाकीचे दिवस पिंपळनेरला. शाळा लवकर सुटली. इंग्रजी शिकलो ते डिक्शनरी मांडीवर घेऊन, एकेका शब्दाची साल काढत. पण हा शब्द उलगडायला मिलचा उपयोग झाला. कारण या शब्दाच्या पोटात आपला 'प्रेस'च बसलाय.

लॅटिन भाषेत 'प्रेमेरे' म्हणजे दाबणं. 'डे' म्हणजे खाली. दोन्ही मिळून खाली दाबणं. लॅटिनमधून फ्रेंचमध्ये, फ्रेंचमधून इंग्रजीत. त्याच दाबण्यातून छापखान्याचा प्रेस आला, कपड्याची प्रेस आली, ब्लडप्रेशरचं प्रेशर आलं, आणि आमच्या मिलचं प्रेसिंगही आलं.

मिलमध्ये काय होतं ते बघा. कापूस येतो, जिनात सरकी वेगळी होते, रुई वेगळी होते. ती रुई प्रेसच्या पेटीत टाकतात. वरून-खालून दाब बसतो. ढिगाएवढी रुई एका गाठीत मावते. एक गाठ साधारण १७० किलोची. पट्ट्या आवळल्या की गाठ गप्प. दगडासारखी टणक दिसते. पण पट्टी तोडा, ती फुगते. कारण आत दगड नसतो, रुईच असते. दाबल्यानं रुईची जात बदलत नाही. ती कुणीतरी दाबलेली असते आणि कुणीतरी पट्टी आवळलेली असते, एवढंच.

आता थोडं व्याकरण. कंटाळू नका, सगळं राजकारण इथंच आहे. तीन वाक्यं घ्या.

एक : मालकानं मजुराला दाबलं.
दोन : मजूर दाबला गेला.
तीन : दाबलेला मजूर.

पहिल्या वाक्यात मालक आहे. दुसऱ्यात तो पडद्यामागे गेला. तिसऱ्यात तर मालक नाही, दाबण्याची घटना नाही, काळ नाही, वेळ नाही. फक्त मजूर उरला आणि त्याचा गुण उरला : दाबलेला. जसा एखादा काळा असतो, एखादा उंच असतो, तसा हा दाबलेला. जन्मापासूनच तसा असल्यासारखा. क्रियापदाचं विशेषण झालं की गुन्हेगार पळून जातो आणि ज्याच्यावर गुन्हा झाला त्याच्याच गळ्यात पाटी राहते. 'डिप्रेस्ड' हे असलं विशेषण आहे.

इंग्रजीत याच खानदानातले आणखी भाऊ आहेत. 'ऑप्रेस्ड' म्हटलं की लगेच 'ऑप्रेसर' समोर येतो, जुलूम करणारा. 'सप्रेस्ड' म्हटलं की दडपणारा आठवतो. १९२० साली गांधींनी 'यंग इंडिया'त लिहिताना विवेकानंदांचा दाखला देऊन 'सप्रेस्ड क्लासेस' हा शब्द वापरला होता. म्हणजे डिप्रेस्डपेक्षा बरा शब्द हाताशी होता. तरी सरकारी आणि सुधारकी कागदांवर राज्य केलं ते डिप्रेस्डनंच. का? मला वाटतं, कारण त्यात 'कोणी?' हा प्रश्न कमी टोचतो. 'डिप्रेसर' असा माणूस इंग्रजीत सहसा कुणाला म्हणत नाहीत. माझ्या बघण्यात एकच डिप्रेसर आला, दवाखान्यातला. घसा बघायला डॉक्टर जिभेवर पट्टी ठेवून ती खाली दाबतो ना, तिला 'टंग डिप्रेसर' म्हणतात. जीभ खाली दाबणारा. आणि बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला पहिलं पाक्षिक काढलं त्याचं नाव 'मूकनायक'. ज्यांची जीभ दाबली होती त्यांचा नायक.

आता इतिहास सालवार बघू.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मिशनऱ्यांच्या आणि सरकारच्या लिखाणात 'डिप्रेस्ड क्लासेस' दिसू लागतो. आपल्याकडे तो शब्द संस्थेच्या पाटीवर चढला १९०६ साली. १८ ऑक्टोबर १९०६ ला विठ्ठल रामजी शिंदे यांनी मुंबईत 'डिप्रेस्ड क्लासेस मिशन' सुरू केलं, परळला शाळा काढली. अध्यक्ष होते नारायण चंदावरकर. शिंद्यांचं काम खरं होतं, अस्पृश्यांच्या वस्तीत राहून केलेलं होतं. ते कुणी नाकारू नये. पण मला अडतो तो मराठी तर्जुमा. मंडळाचं मराठी नाव होतं 'भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी'. डिप्रेस्डचं मराठी झालं निराश्रित. म्हणजे ज्याला आसरा नाही तो. इंग्रजीत निदान दाबल्याची खूण तरी होती. मराठीत आली तर ती पण पुसली गेली. दाबलेल्याचा आधार गेलेला झाला. दाबलेला माणूस न्याय मागतो, निराश्रित माणूस भाकरी मागतो. शब्द बदलला की मागणी बदलते.

पुढं १९१७. कलकत्त्याला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, अध्यक्ष ॲनी बेझंट. तिथं पहिल्यांदा डिप्रेस्ड क्लासेसबद्दल ठराव झाला. ठरावाचा आशय असा की रूढीनं या वर्गांवर लादलेली बंधनं जाचक आहेत, ती दूर करणं न्यायाचं आहे. वाचायला गोड. पण कर्ता शोधा. बंधनं कोणी लादली? रूढीनं. रूढीला हात असतात का? रूढी पाणवठ्यावर काठी घेऊन उभी राहते का? पाटील उभा राहतो, भट उभा राहतो, सावकार उभा राहतो, आपल्याच गावातला शेजारी उभा राहतो. ठरावात त्यांच्यापैकी कुणीच नाही.

आमच्या वस्तीत रात्री वाचन चालतं तेव्हा मी हे समजावून सांगत होतो. एक म्हातारी माय ओट्यावर बसून ऐकत होती. तिला ना इंग्रजी, ना व्याकरण. ती म्हणाली, "आमले कोनी दाबं, ते लिखेल शे का त्यामा?" बघा, अहिराणीतली बाई दोन सेकंदात कर्त्यापाशी पोचली. काँग्रेसच्या ठरावाला ते जमलं नाही.

बाबासाहेब या शब्दाशी कसे वागले ते आपण नीट समजून घेतलं पाहिजे, कारण त्यात डावपेच आहे. २७ जानेवारी १९१९ ला त्यांनी साउथबरो कमिटीपुढं साक्ष दिली. २० जुलै १९२४ ला संस्था काढली, तिचं नाव निराश्रित नाही ठेवलं, ठेवलं 'बहिष्कृत हितकारिणी सभा'. १९२७ ला पत्र काढलं, 'बहिष्कृत भारत'. आता बहिष्कृत हेही विशेषणच. पण त्यात बहिष्काराची क्रिया जिवंत आहे. बहिष्कृत म्हटलं की ऐकणारा विचारतो, बहिष्कार कोणी घातला? आणि तो आपोआप पडत नाही, घालावा लागतो. गाव बसतं, ठरवतं, दुकान बंद करतं, पाणी बंद करतं, मजुरी बंद करतं. म्हणून मी म्हणतो, निराश्रित ते बहिष्कृत हा अठरा वर्षांतला बदल म्हणजे दयेकडून हक्काकडं झालेला प्रवास आहे.

पण इंग्रजी कागदावर बाबासाहेबांनी 'डिप्रेस्ड क्लासेस' हाच शब्द चालवला. सायमन कमिशनला १९२८ साली बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीनं निवेदन दिलं ते डिप्रेस्ड क्लासेसच्या संरक्षणासाठी. ऑगस्ट १९३० मध्ये नागपूरला परिषद भरली तीही डिप्रेस्ड क्लासेसची. कारण कायदा ज्या नावानं ओळखतो त्या नावानंच कायद्याकडून वसूल करावं लागतं. सातबाऱ्यावर नाव चुकीचं पडलं म्हणून कुणी जमीन सोडून देत नाही. आधी ताबा घेतो, मग नाव दुरुस्त करतो. बाबासाहेबांनी तेच केलं.

आता आपल्या खानदेशचा प्रसंग. 'डिप्रेस्ड' या शब्दाचा अर्थ कोशात नाही कळला तर तो चाळीसगावात कळतो.

१९२८ च्या अखेरीस मुंबई सरकारनं एक कमिटी नेमली. नाव : 'डिप्रेस्ड क्लासेस अँड ॲबोरिजिनल ट्राइब्ज कमिटी'. अध्यक्ष ओ. एच. बी. स्टार्ट, म्हणून तिला स्टार्ट कमिटी म्हणतात. बाबासाहेब तिचे सभासद. कमिटी इलाखाभर हिंडली, अस्पृश्यांवरच्या जुलमांची चौकशी केली. खानदेशचे दोन्ही जिल्हे बाबासाहेबांच्या वाट्याला आले, पूर्व आणि पश्चिम. आपलं पिंपळनेर पश्चिम खानदेशात. काम संपवून ते १९२९ च्या ऑक्टोबरात परत निघाले. वाटेत चाळीसगावला उतरले, कारण धुळ्याच्या फाट्यावरच्या एका गावात सवर्णांनी अस्पृश्यांवर बहिष्कार घातला होता. त्या गावी जाऊन त्यांनी चौकशी केली आणि परत चाळीसगाव स्टेशनला आले. लोकांनी हार घातले. रात्री आमच्याकडं राहा, असा लोकांचा आग्रह होता.

स्टेशनपासून महारवाडा दोनेक मैल. मध्ये नदी. स्टेशनावर टांगे उभे होते, पण तासभर कुणी हलेना. कारण अस्पृश्याला टांग्यात बसवून हाकायला एकही टांगेवाला तयार नव्हता. पाहुण्यानं पायी यावं हे महारवाड्यातल्या लोकांना पटेना. शेवटी तोड निघाली. टांगा भाड्यानं मिळेल, टांगेवाला मिळणार नाही. मग आपल्यातलाच एक जण हाकायला बसला. त्यानं कधी टांगा हाकलेला नव्हता. थोडं पुढं जातात तोच मोटारीशी टक्कर होता होता वाचली. नदीवरच्या फरशीला कठडे नव्हते, नुसते लांब लांब दगड रोवलेले. वळणावर घोडा उधळला, चाक दगडावर आदळलं, बाबासाहेब उचलले जाऊन दगडी फरशीवर आपटले, घोडा आणि टांगा नदीत. ते बेशुद्ध पडले. पायाचं हाड मोडलं. महारवाड्यातल्या बाया-माणसांनी रडत-ओरडत उचलून नेलं.

ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे, 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये. त्यातून त्यांनी काढलेलं मर्म असं की टांगेवाला गरीब असेल, हलकं काम करत असेल, तरी स्वतःला बॅरिस्टर अस्पृश्यापेक्षा वरचा समजू शकतो.

आता इथं डिप्रेस्ड हा शब्द लावून बघा. बाबासाहेब डिप्रेस्ड होते का? कोलंबिया आणि लंडनचे पदवीधर, बॅरिस्टर, मुंबई कायदेमंडळाचे सभासद, सरकारी कमिटीचे सभासद. ना बुद्धीनं खाली, ना हिमतीनं खाली. ते फरशीवर पडले ते त्यांच्या अंगच्या गुणानं नाही. त्यांना पाडलं. घोड्यानं नाही, नवशिक्या हाकणाऱ्यानं तर नाहीच. टांगा देईन, पण हात देणार नाही, या नियमानं पाडलं, आणि तो नियम त्या संध्याकाळी स्टेशनावर उभ्या असलेल्या जित्या माणसांनी पाळला. डिप्रेस्ड क्लासेस कमिटीच्या सभासदाला त्या विशेषणाचा अर्थ दगडावर आपटून कळावा, ही खानदेशची अब्रू. त्याच ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि जगभर 'ग्रेट डिप्रेशन' सुरू झालं. बाजाराचं ते डिप्रेशन सगळ्या जगाला पाठ आहे. चाळीसगावचं आपल्या पोरांनाही पाठ नाही. दरसाल ३१ जुलैला आपण लळिंगच्या लांडोर बंगल्यावर भीमस्मृतीसाठी जातो, १९३७ साली बाबासाहेब तिथं राहिले होते म्हणून. चाळीसगावची फरशीही तितकीच आठवली पाहिजे.

स्टार्ट कमिटीचा अहवाल १९३० ला आला. तिनं नावांचा घोळ निस्तरला. मोठा गट 'बॅकवर्ड क्लासेस', त्यात तीन भाग : डिप्रेस्ड क्लासेस म्हणजे अस्पृश्य, दुसरे आदिवासी आणि डोंगरी जमाती, तिसरे इतर मागास. पिंपळनेरच्या बाजारात उभं राहून हे तीन भाग डोळ्यांनी दिसतात. कोकणा, मावची, भिल्ल, आपण, आणि बाकीचे कष्टकरी. सगळे एकाच पांझरेचं पाणी पिणारे, आणि प्रत्येकाच्या कपाळावर वेगळं विशेषण. भिल्लांना कंपनी सरकारच्या कागदांत रानटी म्हटलं. १८७१ च्या कायद्यानं काही जमातींना तर 'क्रिमिनल' हे विशेषण लावलं. मूल पाळण्यात आणि जमात गुन्हेगार. खुद्द स्टार्टसाहेब गुन्हेगार जमातींच्या वसाहतींचे अधिकारी होते. तो कायदा १९५२ ला गेला आणि त्या लोकांना नवं विशेषण मिळालं, विमुक्त. सोडलेले. परत तोच प्रश्न. बांधलं कोणी होतं?

शब्दावरची खरी लढाई गोलमेज परिषदेत झाली. ४ नोव्हेंबर १९३१ ला बाबासाहेब आणि मद्रासचे रावबहादूर श्रीनिवासन यांनी पुरवणी निवेदन दिलं. त्यात स्पष्ट मागणी होती की 'डिप्रेस्ड क्लासेस' हे नाव हिणकस आणि तुच्छतेचं आहे, नव्या घटनेत ते बदला. पर्याय सुचवले : जातीबाहेरचे हिंदू, प्रॉटेस्टंट हिंदू, नॉन-कन्फॉर्मिस्ट हिंदू. पर्याय बघा. प्रॉटेस्टंट म्हणजे निषेध करणारा, नॉन-कन्फॉर्मिस्ट म्हणजे न जुमानणारा. दोन्हींमध्ये आपण कर्ता आहोत, कर्म नाही. दाबलेल्याऐवजी न जुमानणारा! इंग्रज सरकारच्या टेबलावर असं नाव ठेवायला छाती लागते.

पुढं मे १९३२ मध्ये लोथियन कमिटीला दिलेल्या टिपणात त्यांनी आणखी कारण दिलं. डिप्रेस्ड म्हटलं की वाटतं हा समाज खालावलेला आणि लाचार आहे. खरं तर प्रत्येक प्रांतात त्यातले कितीतरी शिकलेले आहेत, खाऊनपिऊन सुखी आहेत, आणि सगळा समाज जागा होऊन मानासाठी धडपडतोय. तेव्हा आसामच्या जनगणना अधिकाऱ्यानं, मुलननं, वापरलेला 'एक्स्टीरिअर कास्ट्स' हा शब्द तात्पुरता चालेल, असं त्यांनी सुचवलं. एक्स्टीरिअर म्हणजे बाहेरच्या. गावाबाहेरच्या, वर्णाबाहेरच्या. निदान त्यात मोजमाप आहे, कीव नाही.

आणि मोजमापाचीच तर मारामारी चालली होती. डिप्रेस्डची व्याख्या ढिली असली की आकडा हवा तसा वाकवता येतो. संयुक्त प्रांतात जनगणनेचा अंदाज सव्वा कोटीच्या घरात होता, तर तिथल्या प्रांतिक मताधिकार समितीच्या हिशेबी अस्पृश्य उरले सहा लाखांच्या आसपास. प्रतिनिधित्व द्यायची वेळ आली की अस्पृश्य गायब, पाणी भरायची वेळ आली की परत हजर. म्हणून बाबासाहेबांनी अर्थ घट्ट धरून ठेवला : जो अस्पृश्य तोच डिप्रेस्ड. विशेषण बदला म्हणायचं आणि बदलेपर्यंत त्यातला एक माणूसही सांडू द्यायचा नाही.

ऑगस्ट १९३२ चा जातीय निवाडा डिप्रेस्ड क्लासेसच्या नावानं झाला : स्वतंत्र मतदारसंघ, ७१ जागा, दोन मतं. २४ सप्टेंबर १९३२ चा पुणे करार पण डिप्रेस्ड क्लासेसच्याच नावानं : जागा १४८, स्वतंत्र मतदारसंघ गेला. त्यानंतर १९३५ चा कायदा आला आणि १९३६ च्या हुकुमानं जातींची यादी लागली. नवं नाव : शेड्यूल्ड कास्ट्स. 'शेड्यूल' हा शब्द लॅटिनच्या 'शेडूला'वरून आला, म्हणजे कागदाची चिठ्ठी. दाबलेला गेला, चिठ्ठीतला आला. या नावात अपमान नाही, पण दुःखाची आठवणही नाही. थंड शब्द आहे, कचेरीतल्या लोखंडी कपाटासारखा. पण त्या कपाटात आपला हक्क ठेवलाय. राखीव जागा, शिष्यवृत्ती, कलम ३४१ खालची यादी. म्हणून दाखला काढायला जाताना त्या शब्दाला नावं ठेवू नका. त्याला स्वतःचं नाव पण समजू नका.

दरम्यान 'हरिजन' आला. १९३२ नंतर तो देशभर पसरवला गेला. जानेवारी १९३८ मध्ये मुंबईच्या विधानसभेत तो शब्द कायद्यात घालायला निघाले तेव्हा नाशिकच्या दादासाहेब गायकवाडांनी विचारलं की अस्पृश्य जर देवाचे लोक, तर बाकीचे काय राक्षसाचे? सरकारनं ऐकलं नाही. बाबासाहेब आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद सभागृहातून उठून गेले. हरिजनमध्ये तर दाबणंही नाही, बहिष्कारही नाही. सगळं देवावर टाकून माणसं मोकळी.

आता आपला स्वतःचा शब्द, दलित. संस्कृतात 'दल्' म्हणजे फुटणं, तुकडे होणं. त्यातूनच आपलं दळणं आलं, डाळ आली. मोल्सवर्थच्या १८५७ च्या मराठी-इंग्रजी कोशात दलितचा अर्थ मोडलेला, तुकडे झालेला असा आहे. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये 'ब्रोकन मेन'चा सिद्धांत मांडला, म्हणजे टोळ्यांच्या लढायांत हरून फुटलेली, पांगलेली माणसं. १९५८ साली मुंबईत दलित साहित्याचं पहिलं संमेलन भरलं, उद्घाटन अण्णाभाऊ साठ्यांनी केलं. १९७२ ला मुंबईत दलित पँथर उभी राहिली, नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार ही पोरं पुढं. १९७३ च्या जाहीरनाम्यात दलितमध्ये अनुसूचित जाती-जमाती, नवबौद्ध, कामगार, भूमिहीन, गरीब शेतकरी, स्त्रिया सगळे आले.

व्याकरणानं दलित हेही 'डिप्रेस्ड'सारखंच. कर्ता इथंही दिसत नाही. मग फरक काय पडला? फरक हा की ते आपण उचललं. दुसऱ्यानं लावलेली पाटी आणि स्वतः घेतलेला झेंडा यांचं कापड एक असलं तरी काठी कुणाच्या हातात आहे ते बघावं लागतं. पँथरनं दलितपुढं दुसरा शब्द लावला आणि विशेषणाला पंजे फुटले. २०१८ साली केंद्राच्या माहिती खात्यानं वाहिन्यांना सुचवलं की दलित शब्द टाळा, अनुसूचित जाती म्हणा. म्हणजे झेंडा ठेवा, चिठ्ठी घ्या. आपल्यातही काही म्हणतात, दलित नको. त्यांच्याशी मी भांडत नाही. पण दलित सोडायचा तर बाबासाहेबांनी दाखवलेल्या वाटेनं सोडावा, चिठ्ठीसाठी नाही.

ती वाट १४ ऑक्टोबर १९५६ ची. तुम्ही 'बुद्ध' हा शब्द सोडवून बघितलाय का? 'दल्'ला 'त' लागून दलित, तसा 'बुध्'ला 'त' लागून बुद्ध. प्रत्यय तोच, घडण तीच. दलित म्हणजे मोडलेला, बुद्ध म्हणजे जागा झालेला. पण मोडायला दुसरा लागतो. जागं ज्याचं त्यालाच व्हावं लागतं. डिप्रेस्ड, निराश्रित, बहिष्कृत, शेड्यूल्ड, दलित असे एकेक शब्द ओलांडत बाबासाहेब जिथं पोचले तिथं पहिल्यांदा कर्ता आणि विशेषण एका माणसात भेटले. हे मला डिक्शनरीनं शिकवलं नाही, पण डिक्शनरी उघडल्याशिवाय कळलंही नसतं.

आता आजच्या 'डिप्रेस झालोय'कडं परत येऊ. शब्द तोच, जागा बदलली. पूर्वी अख्खा समाज डिप्रेस्ड होता, आता एकेकटा माणूस डिप्रेस्ड आहे. पूर्वी दाब बाहेर होता, आता म्हणे डोक्यात आहे. नीट ऐका, मनाचा आजार खोटा नाही. आमच्याबरोबर गाठी उचलणारा एक जण दोन महिने मजुरी थकल्यावर झोपेनासा झाला, बोलेनासा झाला. त्याला आम्ही दवाखान्यात नेलं, गोळ्या सुरू झाल्या, त्याचा उपयोगही झाला. कुणी मित्र असा गप्प होत असेल तर त्याला भाषण देऊ नका, सोबत घ्या आणि डॉक्टरकडं जा. पण गोळीनं झोप येते, थकलेली मजुरी येत नाही. तिच्यासाठी आम्ही आठ जण मुकादमाच्या दारात जाऊन बसलो तेव्हा ती आली. दोन्ही औषधं लागतात.

आपल्या जळगावची डॉ. पायल तडवी. आदिवासी तडवी भिल्ल समाजातली पोरगी, डॉक्टर झालेली, मुंबईत पुढचं शिकत होती. २२ मे २०१९ ला तिनं जीव दिला. जातीवरून छळ झाला असा आरोप घरच्यांनी केला, प्रकरण कोर्टात गेलं. निकाल कोर्ट देईल. पण अशा प्रत्येक मरणानंतर एक वाक्य गावभर फिरतं, डिप्रेशन असेल. त्या वाक्यानं चौकशी थांबते. १९१७ ला रूढीनं दाबलं होतं, आता मनानंच मनाला दाबलं. माणूस कुठंच नाही. शंभर वर्षांनी पण कर्ता फरारच.

म्हणून शाखेत, वसतिगृहात, वाचन मंडळात काम करणाऱ्या पोरांनो, माझं मागणं एवढंच. कोणतंही विशेषण समोर आलं, सरकारचं असो, पेपरवाल्याचं असो, आपलं स्वतःचं असो, त्याला तीन प्रश्न टाका. यातली क्रिया कोणती? ती केली कोणी? आणि नाव ठेवलं कोणी? 'मागास' वाचलं तर विचारा, मागे ठेवलं कोणी. 'वंचित' वाचलं तर विचारा, फसवलं कोणी. 'दुर्लक्षित' वाचलं तर विचारा, लक्ष कोणी दिलं नाही, त्याचं खातं कोणतं, टेबल कोणतं. अर्ज लिहाल तर 'अन्याय झाला' एवढंच लिहू नका. कोणी केला, कोणत्या तारखेला केला, कुणासमोर केला ते लिहा. बाबासाहेब धुळ्याच्या फाट्यावरच्या त्या गावात हेच तर करायला गेले होते.

कर्ता लिहिला की वाक्य पुरं होतं. मग पुढची कारवाई लिहायला जागा मिळते.

जयभीम.